सोयाबीन उतरलं, मग तेल कसं चढलं?



या वेळी मी तुम्हाला एक प्रश्न सोडवायला देणार आहे. मुलं स्पर्धा परीक्षेसाठी 'तर्कक्षमता' नावाचा विषय करतात ना, त्यातला असतो तसा. "आता या वयात आम्हाला कसली परीक्षा!" असं म्हणून पान उलटू नका. याच प्रश्नावरून आपल्या एका गटात 2024 च्या दिवाळीआधी एवढं वाजलं की गट फुटायची वेळ आली होती. गटातल्या तायांना विचारूनच लिहितेय. त्या म्हणाल्या, "लिहा, पण आमचं नाव नको."

झालं असं. हा गट दरवर्षी दिवाळीला चकली, शेव आणि चिवडा करून विकतो. त्या वर्षी चांगली ऑर्डर होती. कोषाध्यक्ष ताई तालुक्याला जाऊन सोयाबीन तेलाचे चार डबे घेऊन आल्या आणि बैठकीत हिशोब मांडला. डब्याचा भाव गेल्या दिवाळीपेक्षा बराच जास्त होता. लगेच एक ताई म्हणाल्या, "माझ्या घरात सोयाबीनचे कट्टे पडून आहेत. आडतीवर हमीभावसुद्धा मिळेना. सोयाबीन मातीमोल झालं, मग त्याचंच तेल कसं महागलं गं?" दुसरी म्हणाली, "आणि बिल कुठंय? ही तर कच्ची चिठ्ठी आहे."

पुढचं कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच आलं. कोषाध्यक्ष ताईंनी पेटीची चावी सतरंजीवर ठेवली आणि म्हणाल्या, "सहा वर्षं हिशोब ठेवला. आता दुसरी बघा."

मी तिथंच बसले होते. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. "मॅडम, तुम्हीच सांगा." मी समाजकार्याची पदवी घेतलेली, अर्थशास्त्राचा पेपरही दिलेला. मी झटक्यात म्हणून गेले, "अहो, दिवाळीत तेलाला मागणी वाढते, म्हणून भाव वाढतो." कोपऱ्यात बसलेल्या एक काकू शांतपणे म्हणाल्या, "दिवाळी तर मागच्या वर्षी पण होती की."

मी गप्प झाले. काकूंचं बरोबर होतं आणि माझं उत्तर चुकलं होतं. का चुकलं, ते मला घरी गेल्यावर कळलं. तेच आज तुम्हाला सांगतेय.

प्रश्न असा आहे

पुढच्या बैठकीला मी हे चार्ट पेपरवर लिहून नेलं. परीक्षेत विचारतात तसंच मांडलं होतं:

"यंदा दिवाळीच्या आधी सोयाबीनचा बाजारभाव गेल्या दिवाळीआधीच्या भावापेक्षा कमी होता. त्याच दिवसांत सोयाबीन तेलाचा भाव मात्र गेल्या दिवाळीआधीपेक्षा जास्त होता. पुढीलपैकी कोणतं विधान खरं असेल, तर हे कोडं सर्वांत चांगलं उलगडतं?

अ) यंदा पाऊस चांगला झाल्यामुळे सोयाबीनचं पीक गेल्या वर्षीपेक्षा जास्त आलं.

ब) दिवाळीत तळणासाठी तेलाची मागणी दरवर्षीच वाढते.

क) तेलाचे व्यापारी नेहमीच जास्तीत जास्त नफा काढायला बघतात.

ड) सोयाबीनमधून तेलापेक्षा ढेप कितीतरी जास्त निघते आणि यंदा ढेपेचा भाव बराच उतरला, शिवाय देशाला लागणारं बरंच तेल बाहेरून येतं आणि त्यावरचा आयात कर यंदा वाढला."

पुढे वाचायच्या आधी बोट ठेवा. तुमचं उत्तर कोणतं?

त्या बैठकीत बारापैकी सहा जणींनी 'क' सांगितलं, तिघींनी 'अ', दोघींनी 'ब'. 'ड' वर फक्त त्या काकूंनी हात वर केला. आता एकेक विधान तपासू.

दोन्ही गोष्टी खऱ्या धरायच्या

अशा प्रश्नात पहिली अट असते की दिलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या धरायच्या. "सोयाबीन उतरलं असं कोण म्हणतं?" किंवा "तेल महागलंच नसेल," असं म्हणून प्रश्न मोडायचा नाही. दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, एवढंच शोधायचं.

आपल्या गटात नेमकं इथंच चुकलं. दोन गोष्टी जुळेनात, म्हणून एक खोटी असणार असं सगळ्यांनी धरलं. सोयाबीनचा भाव तर सगळ्यांनी डोळ्यांनी बघितला होता, मग खोटी कोण? तेल आणणारी. न जुळणाऱ्या दोन गोष्टी दिसल्या की आपलं मन आधी चोर शोधतं. कारण नंतर सुचतं.

'अ' का नाही?

पीक जास्त आलं तर सोयाबीन स्वस्त होईल, हे पटतं. पण त्याने अर्धीच गोष्ट सुटली. बी स्वस्त झालं तर तेलही स्वस्त व्हायला हवं. म्हणजे 'अ' मुळे कोडं सुटत नाही, उलट जास्त गुंततं.

इथं एक सोपी युक्ती आहे. उत्तर निवडलं की एक हात सोयाबीनच्या वाक्यावर ठेवा आणि दुसरा तेलाच्या वाक्यावर. तुमचं उत्तर दोन्ही हातांखालचं सांगतंय का? एकाच हाताखालचं सांगत असेल तर ते अर्धं उत्तर.

'ब' आणि 'क' का नाही?

'ब' म्हणजे माझं उत्तर. दिवाळीत मागणी वाढते हे खरंच आहे. पण आपण दिवाळीची तुलना दिवाळीशीच करतोय. यंदा मागणी वाढली तशी गेल्या वर्षीही वाढली होती.

'क' चंही तेच. व्यापारी नफा बघतो, हे आपल्याला शिकवायला नको. पण तो गेल्या वर्षीही नफा बघतच होता. गेल्या वर्षी काय त्याने धर्मादाय दुकान उघडलं होतं? नफ्याची इच्छा दोन्ही वर्षी सारखीच होती, मग भाव यंदाच का बदलला?

म्हणून हा नियम लक्षात ठेवा: जी गोष्ट दोन्ही वेळी सारखीच होती, ती बदलाचं कारण असू शकत नाही. काल भाकरी चांगली झाली आणि आज करपली. तवा तोच, पीठ तेच. मग तव्याला नावं ठेवून काय होणार? आज काय बदललं ते बघायचं. जाळ जास्त झाला का? लक्ष दुसरीकडे होतं का?

'क' ला सर्वांत जास्त मतं पडली, कारण ते ऐकायला बरं वाटतं आणि खरंही वाटतं. पण एखादं वाक्य खरं असणं आणि ते या प्रश्नाचं उत्तर असणं, यात फरक आहे.

'ड' कसं बरोबर?

आता मुख्य गोष्ट. सोयाबीनला आपण 'तेलाचं बी' म्हणतो, म्हणून आपल्याला वाटतं की त्यात तेलच तेल असणार. पण मिलमध्ये एक क्विंटल सोयाबीन गाळलं तर तेल निघतं साधारण 18 किलो आणि ढेप, कुणी पेंड म्हणतं, ती निघते साधारण 80 किलो. बाकीची घट. ही ढेप मुख्यतः कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते.

म्हणजे मिलवाला सोयाबीन घेतो तेव्हा दोन वस्तूंचा हिशोब करतो. आपणही करून बघू. हे आकडे समजण्यासाठी मी धरलेले आहेत, बाजारातले नाहीत.

समजा गेल्या वर्षी तेल 120 रुपये किलो आणि ढेप 35 रुपये किलो होती. एका क्विंटलमधून तेलाचे 18 गुणिले 120, म्हणजे 2160 रुपये. ढेपेचे 80 गुणिले 35, म्हणजे 2800 रुपये. एकूण 4960 रुपये.

समजा यंदा तेल 10 रुपयांनी वाढून 130 झालं आणि ढेप 8 रुपयांनी उतरून 27 झाली. तेलाचे झाले 2340 रुपये, म्हणजे 180 जास्त. ढेपेचे झाले 2160 रुपये, म्हणजे 640 कमी. एकूण 4500 रुपये.

बघा, तेल महागलं तरी मिलवाल्याच्या हातात क्विंटलमागे 460 रुपये कमी आले. यातूनच त्याला मजुरी, वीज, वाहतूक काढायची आणि मग शेतकऱ्याला भाव द्यायचा. साहजिकच तो सोयाबीनला कमी भाव देणार. तेल 18 किलो आणि ढेप 80 किलो. तराजू ढेपेकडे झुकतो.

ढेप का उतरली? ब्राझील, अमेरिका आणि अर्जेंटिना हे जगातले सोयाबीनचे मोठे देश. त्यांच्याकडे भरपूर पीक आलं की जगात ढेप स्वस्त होते आणि आपली ढेप बाहेर विकली जाणं अवघड होतं. शिवाय आपल्याकडे मका आणि तांदळापासून इथेनॉल करायचं प्रमाण वाढलं आहे. त्यात जो चोथा उरतो, तोही कोंबड्यांच्या खाद्यात वापरतात आणि ढेपेपेक्षा स्वस्त पडतो. त्यामुळे ढेपेची मागणी कमी झाली.

आता दुसरा हात, म्हणजे तेल. आपला देश लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं तेल रशिया आणि युक्रेनमधून. त्यामुळे आपल्या किराणा दुकानातल्या डब्याचा भाव लातूरच्या आडतीपेक्षा बंदरावर उतरणाऱ्या तेलावर जास्त अवलंबून असतो.

14 सप्टेंबर 2024 पासून केंद्र सरकारने या तेलांवरचा आयात कर वाढवला. कच्च्या तेलावर सगळे अधिभार धरून पूर्वी 5.5 टक्के कर होता, तो 27.5 टक्के झाला. म्हणजे 100 रुपयांचं तेल बंदरावर आलं तर आधी 105 रुपये 50 पैशांना पडायचं, ते आता 127 रुपये 50 पैशांना पडू लागलं. शंभराला सरळ 22 रुपयांची वाढ, तीही दिवाळीच्या दीड महिना आधी. बाहेरचं तेल गरीब शेतकऱ्याच्या मालाला मारू नये, तेलबियांना भाव मिळावा, हा या वाढीमागचा हेतू सांगितला गेला. तेल चढलं. पण ढेप पडलेली असल्यामुळे 4892 रुपये हमीभाव असूनही बाजारात सोयाबीन त्याच्या खालीच राहिलं.

झालं कोडं. 'ड' मध्ये सोयाबीन उतरायचं कारण आहे आणि तेल चढायचंही. दोन्ही हात भरले. आणि दोन्ही कारणं त्या वर्षी बदललेली आहेत, आधीपासून सारखी असलेली नाहीत.

पण कारण सापडलं म्हणजे हिशोब बरोबर ठरला असं नाही

चार्ट समजला तसा बैठकीत सगळ्यांचा जीव हलका झाला. एक ताई म्हणाल्या, "म्हणजे आपली बाई खरी होती तर!" तेव्हा पुन्हा त्याच काकू म्हणाल्या, "तेल महागलं हे खरं. पण आपल्याला लावला तोच भाव होता, हे यातून कुठं कळतं?"

मला वाटतं, त्या दिवसातली सर्वांत शहाणी गोष्ट हीच होती. तर्क सांगतो की असं होऊ शकतं. नेमकं काय झालं, ते कागद सांगतो. कारण आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग दोन जणी दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेल्या. त्या तारखेला डब्याचा काय भाव होता, ते तीन दुकानांत विचारलं. कोषाध्यक्ष ताईंच्या चिठ्ठीत आणि त्या भावात वीस-तीस रुपयांचा फरक निघाला, तोही दोन दुकानांपेक्षा यांचाच भाव कमी. ज्या ताईंनी पहिला सवाल केला होता, त्यांनीच चावी उचलली आणि कोषाध्यक्ष ताईंच्या हातात दिली. "मी चोर म्हटलं नव्हतं, पण तसंच वाटलं असेल तुम्हाला," एवढंच म्हणाल्या.

एक गोष्ट मी इथं स्पष्ट लिहिते. सवाल विचारणारीचं चुकलं नाही. गटाच्या पैशाचा हिशोब विचारणं हा प्रत्येकीचा हक्क आहे. चुकलं ते दोन ठिकाणी. पक्कं बिल घेतलं नाही, आणि कारण शोधायच्या आधी माणसाकडे बोट गेलं. त्या गटाने तेव्हापासून ठराव केला आहे: खरेदीला दोघींनी जायचं, दोन दुकानांचा भाव वहीत लिहायचा आणि पक्कं बिल वहीला टाचायचं.

हे आपल्या कामाला कुठं येतं?

पहिलं, मालाचा दर ठरवताना. समजा एक किलो चकलीला पाव किलो तेल लागतं आणि तेल किलोमागे 20 रुपयांनी वाढलं. म्हणजे चकलीच्या किलोमागे खर्च वाढला फक्त 5 रुपये. "तेल महागलं" म्हणून कुणी किलोमागे 40 रुपये वाढवायचं म्हणाली तर ते पटणारं नाही, गिऱ्हाईक तुटेल. आणि "राहू द्या, जुनाच दर ठेवू" म्हटलं तर 40 किलोच्या ऑर्डरमध्ये 200 रुपये आपल्याच खिशातून गेले. महागलेली वस्तू आपल्या मालात किती भर आहे, ते आधी मोजा. सोयाबीनमध्ये तेल 18 किलोच, हे विसरलो म्हणून तर आपण फसलो.

दुसरं, माल ठेवायचा की विकायचा हे ठरवताना. त्या हंगामात बऱ्याच घरांत असं बोललं गेलं की, "तेल चढलंय, म्हणजे सोयाबीन चढणारच, थांबू." आता तुम्हाला कळलं की तेल चढलं म्हणजे सोयाबीन चढेलच असं नाही, ढेपेचा भावही बघावा लागतो. आणि थांबायला पैसे लागतात. समजा घरात पाच क्विंटल सोयाबीन आहे आणि गटाचं 20 हजारांचं कर्ज महिना शेकडा दोनने चालू आहे. माल विकून ते फेडता आलं असतं, पण तुम्ही थांबलात. महिन्याचं व्याज 400 रुपये. म्हणजे सोयाबीन दर महिन्याला क्विंटलमागे 80 रुपये वाढलं तरच तुम्ही जागेवर राहिलात, त्यात अजून नफा काहीच नाही. वाळून वजन घटतं ते वेगळंच. थांबू नका असं मी सांगत नाही. हा 80 चा आकडा काढून मग ठरवा, आणि घरात ठरतं तेव्हा तुम्हीही तो आकडा मांडा.

तिसरं, बातमी ऐकताना. 2025 च्या मे अखेरीस सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचा कर पुन्हा कमी केला, सगळं मिळून 16.5 टक्के. लगेच "आता तेल स्वस्त होणार" असं सगळीकडे सुरू झालं. कर कमी झाला हे खरं. पण तेवढ्यात बंदरावरचा मूळ भावच वाढला तर? एकाच गोष्टीवरून भाव ठरत नाही, हे आपण आता शिकलोय.

आता तुमची पाळी

पुढच्या बैठकीत वर्गणी गोळा झाली की हा प्रश्न वाचून दाखवा:

"एका घरात दोन वर्षांपूर्वी अंगाच्या साबणाची वडी 10 रुपयांना आणायचे. आजही तीच वडी 10 रुपयांनाच मिळते. घरात माणसं तितकीच, आंघोळ तशीच. तरी महिन्याचा साबणाचा खर्च वाढला आहे. कसा?"

घाईने उत्तर देऊ नका. दोन्ही गोष्टी खऱ्या धरा. दोन्ही वेळी सारखं काय होतं, ते बाजूला काढा. मग काय बदललं असेल ते शोधा. घरात जुनं रिकामं वेष्टन पडलं असेल तर नव्या वेष्टनाशेजारी ठेवा आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचा. चष्मा लागत असेल तर सातवी-आठवीतल्या पोरीला वाचायला सांगा, तिचाही अभ्यास होईल.

उत्तर गटाच्या इतिवृत्तात लिहा आणि ग्रामसंघाच्या बैठकीला घेऊन या. आणि हो, कुणी माझ्यासारखं चुकीचं उत्तर दिलं तर हसा, पण तिला पुढच्या वेळी पुन्हा बोलू द्या. त्या काकूंनी मला दिलं होतं.

तुमची,
क्षेत्र समन्वयक